संगणकावर मैफल नीट ऐकायची तर: फूबार२००० ची मांडणी पायरीपायरीने

प्लेअरकडून अपेक्षा एकच ठेवायची. फाइलमध्ये जे आकडे साठवलेत, तेच आकडे न बदलता डॅकपर्यंत पोचले पाहिजेत. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरींमध्ये रूपांतर करणारा भाग. तो प्रत्येक लॅपटॉपच्या आत असतो, किंवा यूएसबीला जोडायची वेगळी डबी म्हणून विकत मिळतो. आकडे तिथवर शाबूत पोचले की प्लेअरचं काम संपलं. पुढचा सगळा फरक हेडफोन, स्पीकर, खोली आणि मूळ ध्वनिमुद्रण यांचा. नवख्या माणसाने हे आधी मनाशी पक्कं केलं तर निम्मा वेळ आणि बरेच पैसे वाचतात.

हा लेख विंडोज ११ आणि फूबार२००० धरून लिहिला आहे. पीटर पावलोव्स्की यांचा हा प्लेअर २००२ पासून आहे, फुकट आहे, हलका आहे, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय आवाजाला हात लावत नाही. त्याचं रूप रुक्ष आहे, पण त्याची सवय होते. अधिकृत संकेतस्थळावरून दुसऱ्या मालिकेतली ६४ बिटची आवृत्ती घ्या. इन्स्टॉल करताना पोर्टेबल हा पर्याय निवडलात तर सगळ्या सेटिंग्ज एकाच फोल्डरमध्ये राहतात आणि उद्या संगणक बदलला तर तो फोल्डर उचलून नेता येतो.

पहिली पायरी: फाइल खरी आहे का?

बहुतेक जण थेट सेटिंग्जमध्ये शिरतात. माझ्या मते सुरुवात फाइलपासून करावी, कारण मूळच फाटकं असेल तर पुढची मेहनत पाण्यात.

सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं आणि चॅनेल दोन. हिशोब केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे तासाभराच्या संगीताला ६३५ एमबी जागा. फ्लॅक हा प्रकार त्यातलं काहीही न गमावता हा आकार साधारण ५० ते ६० टक्क्यांवर आणतो. एमपी३ मात्र कानाला कळणार नाही असा अंदाज बांधून माहिती कायमची टाकून देते. ३२० किलोबिटची चांगली एमपी३ उत्तम वाजते, याबद्दल वाद नको. पण १२८ किलोबिटची एमपी३ कोणीतरी फ्लॅक करून दिली असेल तर फाइल मोठी होते, गेलेलं परत येत नाही. यूट्यूबवरून उतरवून फ्लॅक केलेल्या फाइलींचीही तीच गत.

हे ओळखायला स्पेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाकली की आवाजाचा नकाशा दिसतो: आडवा वेळ, उभी वारंवारिता. १२८ किलोबिटच्या एमपी३ मधून आलेल्या फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने आखल्यासारखी सरळ कड दिसते आणि तिच्या वर काळोख.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या जुन्या मुद्रणांना हा नियम डोळे मिटून लावला तर खऱ्या फाइलीही खोट्या ठरतील. जुन्या तबकड्यांवर वरच्या वारंवारिता मुळातच कमी होत्या. तिथे रंग हळूहळू विरत जातो, धारदार कड नसते. टेपवरून आलेल्या मुद्रणात फितीची खरखर असते आणि ती वरपर्यंत सगळीकडे पसरलेली असते. अशी खरखर १६ किलोहर्ट्झला एकदम कापली गेली असेल तर मात्र संशय घ्यावा, कारण फीत असं कापत नाही. एफएम रेडिओवरून घेतलेल्या मैफलीत १५ किलोहर्ट्झच्या वर काही नसतं, आणि १९ किलोहर्ट्झला कधीकधी एक बारीक रेघ दिसते. ती एफएम स्टिरिओचा पायलट सूर. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातल्या दूरदर्शनच्या कार्यक्रमांत तशीच रेघ १५.६ किलोहर्ट्झपाशी सापडू शकते. पाल पद्धतीत चित्राच्या ओळी सेकंदाला १५,६२५ वेळा आखल्या जात, त्याचा तो ठसा. अशा खुणा दिसल्या तर फाइल टाकून देऊ नका. ती कुठून आली हेच त्या सांगत असतात.

तुमच्याकडे सीडी असतील तर त्या स्वतःच उतरवा. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यासाठीचं जुनंजाणतं सॉफ्टवेअर, आणि फूबारही सीडी उतरवू शकतो. दोन्ही ॲक्युरेटरिप नावाच्या डेटाबेसशी ताडून पाहतात की जगात इतरांनी त्याच सीडीवरून काढलेले आकडे तुमच्याशी जुळतात का. अडचण अशी की नाट्यगीतांच्या, अभंगांच्या किंवा छोट्या कंपन्यांच्या शास्त्रीय सीडी त्या डेटाबेसमध्ये बऱ्याचदा नसतात. अशा वेळी तीच सीडी दोनदा, जमल्यास दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि फूबारच्या बायनरी कम्पॅरेटर या कंपोनंटने (फूबारला वेगळा उतरवून जोडायचा भाग) दोन्ही प्रती ताडून पाहा. आकडे तंतोतंत जुळले तर उतरवणी नीट झाली असं समजायला हरकत नाही.

दुसरी पायरी: विंडोजचा हात बाजूला करा

विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एका मिक्सरमध्ये येतात. ब्राउझरमधला व्हिडिओ, मेल आल्याची टिंग आणि तुमचा यमन एकत्र होऊन बाहेर पडतात. एकत्र करायचे तर सगळ्यांचा सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजला तो आकडा, एकच हवा, आणि बऱ्याच संगणकांवर तो ४८ किलोहर्ट्झ ठरवलेला असतो. म्हणजे सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज वाटेत नव्याने मोजला जातो. शिवाय पूर्ण पातळीला टेकणारी शिखरं दाबणारा एक लिमिटर याच वाटेवर बसलेला आहे.

आजच्या विंडोजचं हे रूपांतर वाईट नाही. बऱ्याच जणांना त्यातला फरक ऐकू येणार नाही. मात्र लॅपटॉपच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या तथाकथित सुधारणा हमखास ऐकू येतात, आणि शास्त्रीय संगीताला त्या फार बाधतात. त्यातली लाउडनेस इक्वलायझेशन हळू आवाज आपोआप मोठा करते. विलंबित ख्यालात गायक श्वास घेतो, सूर सोडतो, त्या पोकळीत तानपुरे एकदम फुगून पुढे येतात आणि पुढचा स्वर लागताक्षणी मागे ढकलले जातात. मुद्रणात असं काही नसतं. तानपुरे एका पातळीवर शांतपणे चालू असतात. हा हेलकावा ऐकू आला तर दोष कुठे शोधायचा हे आता तुम्हाला माहीत आहे.

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग साउंड. तुमचं आउटपुट निवडा, ऑडिओ एनहान्समेंट्स बंद करा, स्पेशियल ऑडिओही बंद करा. त्याच साउंड पानाच्या तळाशी मोअर साउंड सेटिंग्ज आहे. त्यातून जुनी खिडकी उघडते. तिथे प्लेबॅक टॅबमध्ये उपकरणावर दोनदा क्लिक करा आणि ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जा. एक्सक्लुझिव्ह मोड म्हणजे उपकरण एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात देणं. त्याच्या दोन्ही चौकटींवर टिक हवी. तिथेच डिफॉल्ट फॉरमॅटही दिसतो. तो २४ बिट ठेवा. पुढच्या पायरीनंतर फूबारपुरता त्याचा संबंध उरत नाही, पण ब्राउझरमधून ऐकताना तोच लागू होतो.

तिसरी पायरी: एक्सक्लुझिव्ह आउटपुट

आधी ॲम्प्लिफायर किंवा हेडफोनचा आवाज खाली आणा. हे गंभीरपणे सांगतो आहे. एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये विंडोजची आवाजाची पट्टी दरवेळी मध्ये येईलच असं नाही, आणि पूर्ण पातळीचा आवाज थेट कानात बसू शकतो.

आता फूबारमध्ये कंट्रोल आणि पी एकत्र दाबा. प्रेफरन्सेसची खिडकी येईल. डावीकडे प्लेबॅक, त्याखाली आउटपुट. उपकरणांच्या यादीत तुमच्या डॅकचं नाव दोनदा दिसेल: एक साधं आणि एक ज्याच्यापुढे कंसात एक्सक्लुझिव्ह लिहिलेलं आहे. दुसरं निवडा. आउटपुट फॉरमॅट २४ बिट ठेवा. १६ बिटांच्या फाइलीला खालचे आठ बिट शून्याने भरले जातात, संगीतात काही बदलत नाही. डिदरची (मुद्दाम मिसळलेल्या बारीक खरखरीची) टिक काढून ठेवा.

लावा एखादा ट्रॅक. वाजला तर उत्तम. “अनसपोर्टेड स्ट्रीम फॉरमॅट” असा संदेश आला तर घाबरू नका. तुमच्या डॅकला २४ बिटांचा तो साचा मान्य नाही, एवढंच. ३२ करून पाहा, नाहीतर १६. तरीही तोच संदेश आला आणि फाइल ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झची असेल, तर तेवढा सॅम्पल रेट डॅकला झेपत नाही असा अर्थ. लॅपटॉपच्या आतल्या चिपच्या बाबतीत असं होतं. तिथे डीएसपी मॅनेजरमध्ये, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे भाग निवडायच्या पानावर, सॅम्पल रेट बदलणारा रिसॅम्पलर लावून त्या फाइली ४८ वर आणाव्या लागतात.

एक्सक्लुझिव्ह मोड चालू असताना त्या उपकरणावर बाकी सगळ्यांचे आवाज बंद. यूट्यूब मुकं झालं म्हणून संगणक बिघडला असं समजू नका. फूबारमध्ये स्टॉप दाबलं की उपकरण मोकळं होतं.

एएसआयओबद्दल हमखास विचारलं जातं. ती स्टुडिओत मुद्रण करताना विलंब कमी राहावा म्हणून केलेली सोय आहे. नुसतं ऐकायला विलंबाने काही बिघडत नाही, त्यामुळे डॅकसोबत एएसआयओ ड्रायव्हर आला असेल तर वापरा, नसेल तर त्याच्यामागे धावू नका. ब्लूटूथ हेडफोन असतील तर ही पायरी सोडूनच द्या. तिथे आवाज पाठवण्याआधी पुन्हा दाबून लहान केला जातो, आणि एक्सक्लुझिव्ह मोडने ते थांबत नाही.

चौथी पायरी: खात्री करून घ्या

बऱ्याच डॅकवर सॅम्पल रेट दाखवणारा दिवा किंवा आकडा असतो. ४४.१ ची फाइल लावा, आकडा पाहा. मग ९६ ची लावा. आकडा बदलला तर मिक्सर बाजूला झाला. दोन्हींना ४८ च दिसत असेल तर तुम्ही यादीतलं साधं नाव निवडलंय. दिवा नसेल तर दुसरी युक्ती: फूबार वाजत असताना ब्राउझरमध्ये त्याच उपकरणावर व्हिडिओ लावा. त्याचा आवाज आला तर एक्सक्लुझिव्ह मोड चालू नाही.

मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या उपयोजनात आउटपुटचा सॅम्पल रेट हाताने फाइलीप्रमाणे ठेवता येतो. लिनक्सवर एमपीडी या प्लेअरला अल्सा या ध्वनिव्यवस्थेचं थेट हार्डवेअर उपकरण दिलं की तेच साधतं.

पाचवी पायरी: आवाजाची पातळी

इथे दोन गोष्टी आहेत. पहिली खुंटीची. ॲम्प्लिफायरला आवाजाची खुंटी असेल तर फूबारची पट्टी शून्य डेसिबलवर, म्हणजे पूर्ण, ठेवा आणि कमीजास्त खुंटीवर करा. खुंटी नसेल तर फूबारची पट्टी बिनधास्त वापरा. दर ६ डेसिबल कमी केले की साधारण एक बिट खर्ची पडतो. १६ बिटांचं संगीत २४ बिटांच्या वाटेने जात असेल तर आठ बिट, म्हणजे ४८ डेसिबल, हाताशी शिल्लक असतात. घरात बसून एवढं खाली कोणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट रिप्लेगेन. जुन्या मैफलीचं मुद्रण आणि आजचं दाबून मोठं केलेलं चित्रपटगीत यांच्या पातळीत दहा-बारा डेसिबलचा फरक सहज असतो. दरवेळी खुंटीकडे धावण्याऐवजी सगळ्या फाइली निवडा, उजवं क्लिक, रिप्लेगेन, आणि टॅगनुसार वेगवेगळे अल्बम म्हणून स्कॅन करा (टॅग म्हणजे फाइलीतली नाव, कलाकार वगैरेंची नोंद). फूबार प्रत्येक फाइल मोजून आकडा टॅगमध्ये लिहितो. संगीताला हात लावत नाही. मग प्रेफरन्सेसमध्ये प्लेबॅकखाली सोर्स मोड अल्बम ठेवा, आणि शिखरं कापली जाणार नाहीत अशी काळजी घेणारा पर्याय निवडा.

ट्रॅक न निवडता अल्बमच निवडा, असा माझा आग्रह आहे. एकाच अल्बममध्ये विलंबित, द्रुत आणि शेवटी ठुमरी असेल तर त्यांच्यातला चढउतार गायकाने आणि मुद्रकाने ठरवलेला असतो. ट्रॅकनुसार समान केलं तर सगळं एका रेषेत येतं आणि मैफलीचा चढता आलेख हरवतो. रिप्लेगेन चालू असताना आकडे हुबेहूब राहत नाहीत, हे खरं. पण २४ बिटांच्या आउटपुटमध्ये तो बदल कानाच्या पल्ल्याबाहेर असतो, आणि सोय मोठी आहे. मी तो चालूच ठेवतो.

सहावी पायरी: डीएसपी रिकामं

डीएसपी मॅनेजरमधली चालू यादी रिकामी ठेवा. विशेषतः क्रॉसफेड (एक ट्रॅक पुढच्यात मिसळणारा) आणि शांतता गाळणारे पर्याय. सलग मैफल जेव्हा ट्रॅकमध्ये तोडलेली असते, आलाप एका फाइलीत आणि जोड पुढच्या फाइलीत, तेव्हा सांध्यावर तानपुरा अखंड राहायला हवा. फ्लॅकमध्ये तो राहतोच. एमपी३ मध्ये फाइलीच्या दोन्ही टोकांना एन्कोडरने भर घातलेली असते. लेम या एन्कोडरने केलेल्या फाइलीत तिची नोंद असते आणि फूबार ती वाचून कापतो. नोंद नसेल तर सांध्यावर क्षणभर खंड पडतो, आणि त्याला प्लेअरकडे इलाज नाही.

इक्वलायझर वापरणं पाप नाही. हेडफोनचा एखादा तीव्र भाग खाली आणायला तो खरोखर उपयोगी पडतो. मात्र कुठे ६ डेसिबल वाढवलेत तर एकूण पातळी तेवढी आधी कमी करा, नाहीतर शिखरं कापली जातील. इक्वलायझर एपीओ हे लोकप्रिय सॉफ्टवेअर विंडोजच्या मिक्सरच्या वाटेवर बसतं, त्यामुळे एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये त्याचा परिणाम होत नाही. सुधारणा करायचीच असेल तर फूबारच्या आतल्या डीएसपीमध्ये करा.

ज्यात वेळ घालवू नये

फ्लॅकपेक्षा वेव्ह (न दाबलेली) फाइल जास्त मोकळी वाजते, हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. बायनरी कम्पॅरेटरमध्ये दोन्ही टाका, उलगडल्यावर दोघांतले आकडे तेच निघतात. विंडोजच्या सेवा बंद करणं, प्रोसेसला वरचा प्राधान्यक्रम देणं, फाइल आधी सगळी रॅममध्ये घेणं, १६ बिट ४४.१ चं १९२ करून वाजवणं, यांपैकी कशानेही पोचणाऱ्या संगीतात भर पडत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते, आणि ४४.१ मध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं.

तुम्हाला फरक जाणवत असेल तर त्याची शहानिशा करण्याचं साधन फूबारमध्येच आहे. एबीएक्स कम्पॅरेटर हा कंपोनंट घ्या, दोन फाइली निवडा, रिप्लेगेनने पातळी जुळवा आणि नाव न दिसता ओळखण्याचे १६ प्रयत्न करा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के आहे. तेवढे आले तर तुमचा कान काहीतरी खरं टिपतोय. तुकडा निवडताना किशोरीताई आमोणकरांची सावकाश विरत जाणारी मींड किंवा टाळ्यांचा कडकडाट घ्या. एमपी३ सारखे प्रकार टाळ्यांवर जास्त अडखळतात.

रागानुसार मांडणी

हे आवाजाच्या शुद्धतेत बसत नाही, पण ऐकण्यात याने जितका फरक पडतो तितका कुठल्याच सेटिंगने पडत नाही. फाइल निवडून आल्ट आणि एंटर दाबा, नवं फील्ड जोडा आणि राग, ताल, साथीदार यांच्या नोंदी करा. फील्डचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं, फ्लॅकच्या टॅगची ती अट आहे. आतला मजकूर देवनागरीत खुशाल लिहा. साथीदार दोन-तीन असतील तर अर्धविरामाने वेगळे करा. एक पथ्य पाळा: भीमपलास की भीमपलासी, जयजयवंती की जैजैवंती, एकच लेखन ठरवा, नाहीतर एकाच रागाचे दोन कप्पे होतील. मग अल्बम लिस्टच्या सेटिंगमध्ये नवी मांडणी जोडा, त्यात राग आणि कलाकार यांच्या फील्डची नावं टक्केचिन्हांमध्ये लिहा आणि मध्ये उभी रेघ द्या. मारवा उघडला की तुमच्याकडचे सगळ्या घराण्यांचे मारवे एकाखाली एक येतील.

काही बिघडलं तर

मध्येच टकटक किंवा खंड ऐकू आला तर आउटपुटच्या पानावर बफर (आगाऊ साठवून ठेवलेला आवाज) वाढवा. मूळ १,००० मिलिसेकंद असतं, २,००० करून पाहा. डॅक यूएसबी हबऐवजी थेट संगणकाला लावा, दुसरं पोर्ट आजमावा, बॅटरी वाचवणारा मोड बंद करा. एवढ्याने थांबलं नाही तर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर संगणक अडवून धरतोय ते बघा. बऱ्याचदा वायफायचा निघतो. एकाच फाइलीत दरवेळी त्याच जागी खरखर येत असेल तर सेटिंग निर्दोष आहे. फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायर हा कंपोनंट घ्या आणि उजव्या क्लिकनंतर युटिलिटीजमधून त्या फाइलीची अखंडता तपासा. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण साठवलेली असते, त्यामुळे डिस्कवर फाइल बिघडली असेल तर लगेच कळतं. विंडोजचं मोठं अपडेट किंवा नवा ऑडिओ ड्रायव्हर आला की दुसरी पायरी पुन्हा उघडून पाहा, कारण बंद केलेल्या सुधारणा त्यानंतर परत चालू झालेल्या सापडतात.